बोटीच्या आदल्या दिवशीची खोली

“बहीण,” डॉक्टर म्हणाले.

काउंटरमागच्या मॅनेजरनं मान हलवली आणि रजिस्टर पुढं ओढलं. त्याच्या कपाळावर ठसठशीत गंध होतं. मागं भिंतीवर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्याभोवती लुकलुकणाऱ्या माळा. मी डॉक्टरांच्या शेजारीच उभी होते. एका हातात बॅग, खांद्याला पर्स आणि अंगावर मुंबईसाठी म्हणून मुद्दाम घेतलेली मोरपंखी साडी. एवढा नट्टापट्टा करून मी कुणाची बहीण व्हायला आले नव्हते.

“सख्खी?” मॅनेजरनं विचारलं.

“सख्खी,” डॉक्टर म्हणाले. एकदा खोटं बोलायला लागलं की माणूस हात आखडत नाही.

“मग काही प्रॉब्लेम नाही. एकच रूम देतो, पलंग दोन आहेत. काय आहे साहेब, आमच्याकडं फक्त फॅमिली चालते. नाहीतर असले-तसले लोक येतात हो. वयाचासुद्धा मुलाहिजा ठेवत नाहीत.”

“खरंय,” डॉक्टर म्हणाले. “फार वाईट दिवस आलेत.”

मी बॅग उचलली.

“दादा,” मी म्हटलं, दारातल्या वॉचमनलाही ऐकू जाईल अशा आवाजात, “तुम्ही राहा इथं. मी जरा बाहेर जाऊन एखादा असला-तसला बघते.”

आणि मी फोर्टातल्या त्या रस्त्यावर येऊन उभी राहिले. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या मॅनेजरचा चेहरा आठवला की मला अजून हसू येतं. तेव्हा मात्र आलं नव्हतं.

आता हे डॉक्टर कोण आणि मी कोण, ते सांगते. मी शालन म्हेत्रे. इस्लामपुरात माझं मिरची कांडपाचं दुकान आहे. नवरा गेल्यावर दहा-अकरा वर्षं ते मी एकटीच चालवत होते. मुलगा पुण्याला, त्याच्या संसारात. डॉक्टर म्हणजे दिनकर टोणपे, जनावरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. एका उन्हाळ्यात ते पिशवीभर मिरच्या घेऊन दुकानात आले. मी पिशवी उघडून बघितली, तर एकाही मिरचीचं देठ काढलेलं नव्हतं. जन्मात मी असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. मी पिशवी परत केली, खुर्ची दिली आणि म्हटलं, “बसा, देठं काढा.” ते मुकाट्यानं काढत बसले. मग नाकाला हात लावला, डोळ्याला लावला आणि बोंबलत नळाखाली गेले. तिथून आमची ओळख.

पुढं मिरची संपली, हळकुंडं संपली, तरी ते यायचे. मला ‘शालनताई’ म्हणायचे. एका दिवाळीत त्यांनी “मी काय म्हणत होतो, म्हणजे तुमची हरकत नसेल तर…” असं वाक्य सुरू केलं, ते होळीपर्यंत पुरं झालं नाही. शेवटी मीच पुरं केलं.

“लग्न करायचं म्हणताय ना? करू. पण आधी चार दिवस एकत्र काढून बघू. म्हैस घेताना तुम्ही लोकांना काय सांगता? धार काढून बघा, मग बोला.”

डॉक्टर लाजले. सहासष्ट वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झालेला मी पहिल्यांदाच बघितला.

आता चार दिवस काढायचे कुठं? गावात काढले असते, तर पाचव्या दिवशी माझ्या गिऱ्हाइकांनीच मला कांडून काढलं असतं. माझ्या भाचीनं मोबाइलवर बोटीच्या सहलीचं दाखवलं होतं. मुंबईहून निघते, समुद्रात फिरवते, परत आणून सोडते. मला ते पटलं. समुद्रात शेजारी नसतात.

बोटीवरची खोली कंपनीनंच दिली होती, तिथं निवडायचं काही नव्हतं. घोडं अडलं ते आदल्या दिवशी. सहलीवाल्यांनी सांगितलं होतं, लांबून येणाऱ्यांनी एक दिवस आधी मुंबईत येऊन राहा, बोट कुणासाठी थांबत नाही. डॉक्टरांची मुलगी अश्विनी ठाण्यात असते. तिनं लगेच व्यवस्था करून टाकली. तिच्या सोसायटीसमोर एक गेस्ट हाऊस होतं, तिथं दोन खोल्या. बाबा दुसऱ्या मजल्यावर, शालनकाकू चौथ्यावर. बोटीवरही आमच्या दोन खोल्या आहेत असा तिचा समज होता आणि डॉक्टरांनी तो मोडला नव्हता. डॉक्टर कुणाचंच काही मोडत नाहीत.

मुंबईच्या गाडीत बसल्यावर मी त्यांना म्हटलं, “ठाणं नको. बंदराजवळ राहू. हॉटेल तुम्ही निवडा. मी मध्ये तोंड घालणार नाही. तुम्ही म्हणाल तिथं राहीन.”

“कुठलंही?”

“कुठलंही. फक्त तुम्ही निवडलेलं.”

“एवढंच ना?” डॉक्टर म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून घोरायला लागले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच काउंटरवर त्यांनी मला बहीण करून टाकलं.

ते माझ्यामागं धावत बाहेर आले. धावत म्हणजे त्यांच्या मानानं. एका हातात त्यांची सुटकेस, दुसऱ्या हातात परत घेतलेली दोन आधार कार्डं.

“शालनताई, ऐका तर.”

“ऐकतेय. बोला, दादा.”

“त्यानं एकदम विचारलं हो. माझी जीभच…”

“माजलेल्या वळूच्या मागून कोपरापर्यंत हात घालणारा माणूस तुम्ही. एका गंधवाल्याला घाबरलात?”

“वळू प्रश्न विचारत नाही,” डॉक्टर म्हणाले.

हे खरं होतं. पण मी हसले नाही.

दुसरं हॉटेल त्यांनी इरेला पेटून निवडलं. चांगलं चौदा-पंधरा मजली, दार आपोआप उघडणारं. आत इतकं गार की माझ्या साडीलाही काटा आला असेल. काउंटरवरच्या मुलीनं काहीएक विचारलं नाही. आम्ही एकमेकांचे कोण, जिवंत आहोत की मेलेलो, तिला देणंघेणं नव्हतं. ती नुसती हसत होती. डॉक्टर माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू त्यांनीच तिला हे वळण लावलं होतं.

“आधी खोली बघू,” ते रुबाबात म्हणाले.

एक पोऱ्या-वजा साहेब आम्हाला वर घेऊन गेला. खोली मोठी होती. पलंगावर टॉवेलाचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले. ते बघून डॉक्टर खोकले. मग त्यांनी बाथरूम बघितलं, आणि बघायला दार उघडायची गरजच पडली नाही. पलंग आणि बाथरूम यांच्यामध्ये भिंत नव्हतीच, काच होती. जमिनीपासून छतापर्यंत, स्वच्छ, पुसलेली. आतला कमोड पलंगावरून असा दिसत होता, जसा देव्हाऱ्यात देव.

“ह्याला पडदा?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही सर. ओपन कन्सेप्ट आहे.”

“अरे, गोठ्यालासुद्धा आडोसा असतो!”

तो मुलगा हसला. मी टॉवेलाच्या हंसांकडं बघत राहिले. खरं सांगायचं तर या वेळी मीही घाबरले होते. चार दिवस एकत्र काढून बघू म्हणाले होते, पण पहिल्याच तासाला इतकं बघायची माझीही तयारी नव्हती. आम्ही लिफ्टनं खाली येईपर्यंत एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

बाहेर एका चहावाल्याजवळ सावली होती, तिथं मी बॅगेवरच बसले. डॉक्टर पाण्याची बाटली आणायला गेले आणि त्यांचा फोन माझ्याजवळ राहिला. तो सकाळपासून वाजत होता आणि दर वेळी डॉक्टर तो खिशातल्या खिशात दाबत होते. आता पुन्हा वाजला. ‘अश्विनी’ असं नाव आलं. मी उचलला.

“बाबा, कुठं आहात तुम्ही? मी गेस्ट हाऊसवर येऊन थांबलेय!”

“मी शालनकाकू बोलतेय.”

तिनं लगेच विचारलं, “काकू, बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. पाणी आणायला गेलेत. आम्ही फोर्टात आहोत. बंदराजवळ हॉटेल बघतोय.”

“पण काल तर बाबा म्हणाले, ठाण्याला येतो.”

“मी बंदराजवळ राहू म्हटलं, तर मलाही हो म्हणाले.”

मला वाटलं, आता ही पोरगी भांडणार. मी पदर खोचून तयारच बसले. पण तिचा आवाज एकदम पडला.

“काकू, मी वाईट नाही हो. तुम्हाला वाटत असेल, ही कोण आली मजले वाटणारी. पण घरी सासूबाई रोज विचारतात, तुझ्या बाबांचं काय चाललंय? मी काय सांगू त्यांना?”

“सांग, अजून चालतायत.”

ती हसली. मनात नसताना हसली, पण हसली. मग म्हणाली, “बाबा तुम्हालाही हो म्हणतात आणि मलाही हो म्हणतात. आईलाही असंच म्हणायचे. आई मग आपल्याला हवं ते करायची आणि रडायची. मला एवढंच कळू दे, त्यांना स्वतःला काय पाहिजे? त्यांनी एकदा ‘अश्विनी, मला असं करायचंय’ म्हणून सांगितलं ना, तर मी सासूबाईंचं बघून घेईन.”

मी फोन ठेवला. भांडायला कंबर कसावी आणि समोरच्याचं आणि आपलं दुखणं एकच निघावं, यासारखी पंचाईत नाही.

डॉक्टर बाटली घेऊन आले. बाटलीचं झाकण उघडून त्यांनी ती माझ्या हातात दिली. असल्या बाबतीत ते फार चांगले. माणूस चांगला असतो हीच तर अडचण असते. वाईट असता तर मी सकाळीच परत फिरले असते.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “आता शेवटचं हॉटेल बघा. तिथं जर मी बहीण निघाले, भाची निघाले, आत्या निघाले, तर मी संध्याकाळच्या गाडीनं इस्लामपूरला जाते. तुम्ही ठाण्याला जा, नाहीतर बोटीत बसा. माझा राग नाही. पण मग दुकानात मिरच्या आणायच्या त्या देठं काढून आणायच्या, आणि कांडून झाल्या की निघायचं. खुर्ची मिळणार नाही.”

मला वाटलं होतं, ‘असं काय बोलता’ वगैरे म्हणतील. त्यांनी सुटकेस उचलली आणि चालायला लागले. मी मागून.

तिसरी जागा म्हणजे हॉटेल म्हणावं की नाही, असा प्रश्न होता. गोदीच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचं गेस्ट हाऊस. खाली मोटारीच्या सामानाचं दुकान. लिफ्टला ओढायचं लोखंडी दार, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबून विचार करायची. वर एका टेबलामागं मालक बसलेला. शेट्टी म्हणून होता, पोट टेबलाला टेकलेलं, समोर ताटलीत इडली. आम्हाला बघून त्यानं खाणं थांबवलं नाही.

“रूम पाहिजे,” डॉक्टर म्हणाले. “एक.”

“आधार.”

डॉक्टरांनी दोन्ही कार्डं ठेवली. शेट्टीनं चटणीचं बोट पुसून ती उचलली, एक डोळ्याजवळ धरलं, दुसरं धरलं.

“नाव वेगळा आहे. मॅडम कोण लागते तुमचा?”

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजायला लागला. डॉक्टरांनी तो खिशातून काढला, बघितला आणि या वेळी दाबला नाही. टेबलावर इडलीच्या ताटलीशेजारी ठेवला. तो तिथं थरथरत, वाजत राहिला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. मी मात्र ठरवलं होतं, आपण तोंड उघडायचं नाही. मी भिंतीवरच्या पालीकडं बघत उभी राहिले. पालसुद्धा थांबली होती.

“अजून कोणीच लागत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला, म्हणून त्यांनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं. “मला त्यांच्याशी लग्न करायचंय. त्या म्हणतात, आधी बघू. तुम्ही खोली दिलीत तर ठरेल. नाही दिलीत तर त्या संध्याकाळच्या गाडीनं जातील आणि मी काय करेन, मला माहीत नाही.”

शेट्टीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा डॉक्टरांकडं. मग मागच्या खिळ्यावरची किल्ली काढली.

“ठरवा, ठरवा,” तो म्हणाला. “पण अकराच्या आत ठरवा. चेकआउट अकरा.”

आणि त्यानं उरलेली इडली तोंडात टाकली.

डॉक्टरांनी फोन उचलला. “अश्विनी, ऐक,” ते म्हणाले, “मी ठाण्याला येत नाही. मला इथं राहायचंय. शालनताईंबरोबर. बोटीवर खोली एकच आहे. मी तुला आधी सांगायला पाहिजे होतं.” पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. डॉक्टर नुसते “हं… हं… नाही… हं” करत होते. मग म्हणाले, “जेवलोय,” आणि ठेवला. आम्ही जेवलो नव्हतो. तेवढं खोटं मी सोडून दिलं.

आता लोक मला विचारतात, बोट कशी होती? बोट चांगली असणार. मी दोन दिवस त्या बोटीचं एक बेसिन तेवढं बघितलं. डॉक्टरांनी मला लिंबू चोखायला दिलं, पाठ चोळली आणि इतर प्रवाशांना सांगितलं, काही नाही, चारा बदलला की होतं असं. पावसाळ्यानंतर आम्ही इस्लामपुरात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. अश्विनी आली, सासूबाईंना घेऊनच आली. त्या बाईंनी माझ्याकडून जाताना तिखट नेलं आणि अजून दर वर्षी मागवतात. हे सगळं पुढं झालं. पण माझं लग्न लागलं ते त्या दुपारी, आणि ते शेट्टीच्या टेबलाशीही नाही. ते खोलीत लागलं.

खोली साधी होती. पंखा, लोखंडी कपाट, बाथरूमला दार, दाराला कडी. डॉक्टरांनी ती कडी तीनदा लावून बघितली आणि समाधानानं मान हलवली. खिडकीतून गोदीची पत्र्याची छपरं दिसत होती आणि त्यांच्यामध्ये रुमालाएवढा समुद्र. रात्रभर गाडीत बसून माझं अंग आंबून गेलं होतं. मधोमध एक मोठा पलंग होता. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार.

डॉक्टर बूट काढून, हात मागं बांधून उभे राहिले.

“जरा पडा तुम्ही,” ते म्हणाले. “कुठली बाजू पाहिजे?”

“कसली बाजू?”

“पलंगाची. तुम्हाला कुठल्या बाजूला झोपायची सवय आहे?”

“दाराकडच्या,” मी म्हटलं.

“सवय ती. आवडते कुठली?”

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मला सांगता येत नाहीये. एकतीस वर्षं मी एका पलंगावर झोपले. लग्न होऊन आले त्या रात्री नवरा भिंतीकडं सरकला आणि म्हणाला, तू दाराकडं झोप, सकाळी तुला आधी उठायचं असतं. माझा नवरा वाईट नव्हता. दारू नाही, मार नाही. पण दूधवाला आला की मी उठायची, पोरगं रडलं की मी, सासूला खोकला आला की मी, पावसात दुकानाचा पत्रा वाजला की मी. तो गेल्यावरही सगळा पलंग मोकळा असताना मी दाराकडच्याच कडेला झोपत राहिले. कुणी मला विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

“कळत नाही,” मी म्हटलं.

“मग झोपून बघा की दोन्हीकडं,” डॉक्टर म्हणाले. “घाई कुठंय?”

मी मोरपंखी साडी सावरून पलंगावर चढले. आधी दाराकडं पडले. मग लोळत खिडकीकडं गेले. मग परत आले. सत्तावन्न वर्षांची बाई नव्या गादीवर पोरीसारखी इकडून तिकडं लोळतेय आणि डॉक्टर मोठ्या गंभीरपणे बघतायत, तपासायला आणलेलं जनावर उठतं-बसतं कसं ते बघावं तसे. मला हसू फुटलं. इतकं फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. डॉक्टरांनी ते कसलं पाणी म्हणून विचारलं नाही.

“खिडकीकडची,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि दाराकडं खुर्ची ओढून बसले. “तुम्ही झोपा. मला एवढ्यात झोप नाही.”

मी भिंतीकडं तोंड केलं नाही, दाराकडंही नाही. खिडकीकडं केलं. वारा खारट होता. कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली ती फोनच्या आवाजानं. डॉक्टरांनी झडप घालून तो पहिल्याच घंटीला उचलला असावा. ते अगदी हळू बोलत होते, पण खोली लहान होती.

“बोल… नाही, ठीक आहे सगळं… त्यांच्याशी बोलायचंय? आत्ता नाही. त्या झोपल्यात… कुठं म्हणजे?” खुर्ची करकरली. “इथंच. खिडकीजवळ… नाही अश्विनी, उठवणार नाही मी त्यांना. संध्याकाळी कर. ठेव आता, जाग येईल.”

मी जागीच होते. पण कुणीतरी बसून आपली झोप राखतंय म्हटल्यावर डोळे उघडायचा गाढवपणा कोण करेल?